कोकणात समुद्राकाठी ओसाड पडलेला आलिशान बंगला दिसला. आत जाऊन बघावा का? त्याचा इतिहास कसा शोधायचा?

आधी वाडीत विचारा, बंगल्यात मागाहून जा. राखण करणाऱ्याचं घर सहसा हाकेच्या अंतरावर असतं आणि गोष्ट तिथेच सापडते.

माझे आजोबा दापोली तालुक्यात अशाच एका बंगल्याचे राखणदार होते. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने तो बांधलेला. जांभ्याच्या हातभर जाड भिंती, मंगलोरी कौलं, सागवानी जिना, दिवाणखान्यात काचेचं झुंबर. मालक मे महिन्यात पंधरा दिवस यायचे, बाकी वर्षभर किल्ल्या आजोबांच्या कमरेला. मालक वारले, वारसांचं आपसात पटेना, दावा लागला आणि आजोबांचा पगार बंद झाला. तरीही दर वर्षी पावसाआधी ते स्वतः छपरावर चढून शाकारणी करायचे. फुटक्या कौलांच्या जागी आमच्या गोठ्यावरची काढून लावलेली मी पाहिली आहेत.

मग एकदा वारसांपैकी कोणीतरी आलं आणि झुंबर जागेवर दिसलं नाही. राखणदाराने विकलं, अशी बोलवा गावभर झाली. आमच्याच नात्यातल्या एकाने आत्याच्या लग्नात, भर मांडवात ते बोलून दाखवलं. आजोबा पंक्तीतून उठले. दुसऱ्या दिवशी किल्ल्या रजिस्टर पोस्टाने मुंबईला पाठवल्या आणि त्या छपरावर पुन्हा कधी चढले नाहीत.

कोकणातलं घर पडायला भूत लागत नाही. एक कौल सरकलं की त्याखालची लाकडी रीप भिजते, रीप कुजली की वासा, मग तुळईचं भिंतीतलं टोक. वरून ओल आणि खालून वाळवी. चार-पाच पावसाळ्यांत माडीची जमीन खाली आली. लोक मोबाइल घेऊन रात्री जायचे आणि ‘भुताचा बंगला’ म्हणून व्हिडिओ टाकायचे. मला त्या लोकांचा मनापासून राग आहे.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, उरलेलं छप्पर गेलं. पंधरा दिवसांनी मी वारसांना फोन करून आत गेलो. स्वयंपाकघरावरचा माळा अर्धा लटकत होता. त्याखाली ढिगाऱ्यात फणसाच्या फळ्यांची एक पेटी, सुंभाने बांधलेली. आत पेंढ्याची माती झालेली आणि त्या मातीत झुंबराचे लोलक, एकेक जुन्या मराठी वर्तमानपत्रात गुंडाळलेला. दिवाणखान्यात जाऊन तुळई बघितली. कडी होती तिथेच वाळवीने लाकूड पोखरलं होतं. झुंबर डोक्यावर पडेल म्हणून आजोबांनी उतरवून ठेवलं असणार. सांगितलं का नाही? पगार बंद झाल्यावर त्यांना कोणी विचारायलाच आलं नव्हतं, आणि मांडवात तर कोणी विचारलं नव्हतं, ठरवलंच होतं.

आजोबा तोवर राहिले नव्हते. मी फोटो त्या नातेवाईकांना दाखवला. “असेल,” म्हणाले.

रत्नागिरीच्या थिबा राजवाड्याचीही गोष्ट लोक अर्धीच सांगतात. थिबा ब्रह्मदेशचा राजा, इंग्रजांनी १८८५ मध्ये राज्य घेतलं आणि त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं, १९१० मध्ये राजवाडा झाला, १९१६ मध्ये राजा वारला, इथवर सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या थोरल्या मुलीने राजवाड्यातल्याच एका नोकराशी संसार मांडला, त्यांची मुलगी टूटू मराठी बोलत रत्नागिरीतच म्हातारी झाली, हे मात्र कोणी सांगत नाही. मला विचाराल तर त्या राजवाड्याची खरी वारस तीच.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर गट नंबर मिळवा आणि सातबारा बघा. त्यावर फेरफारांचे, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदींचे, नंबर असतात. ते जुने फेरफार तलाठ्याकडे किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात मागा. कोण कधी वारलं, कोणाचं नाव लागलं, वाटण्या कुठे अडल्या, सगळं त्यात असतं. बंगला गावठाणात असेल तर सातबारा मिळणार नाही, ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरांच्या आकारणीची नोंदवही, बघा. पण कागदावर मालकच असतात. राखण करणाऱ्याचं नाव कुठल्याही रकान्यात नसतं, म्हणून म्हटलं, वाडीत विचारा. आणि सामान राखणदाराने लांबवलं असं कोणी सांगितलं, तर आधी माळा बघा.

एक राहिलंच. ओसाड असला तरी बंगल्याला मालक असतो, परवानगीशिवाय आत जाऊ नका. पावसाळ्यात तर मुळीच नको, ओला जांभा कधी ढासळेल सांगता येत नाही. दगडांच्या खबदाडीत फुरसं, म्हणजे विषारी साप, असतं, हात घालू नका. माडीवर चढू नका, लाकूड वरून धड दिसतं आणि आतून पोकळ असतं.