साकीनाक्याच्या प्लॉटवर ‘तेच पाच बोअर’ चालतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ट्रान्सपोर्टवाल्याचं जुनं गॅरेज विकत घेताय, आवारात डिझेलची जमिनीखालची टाकी होती, आणि पायासाठी माती तपासणारा कंत्राटदार म्हणतो, ‘त्याच पाच बोअरमधून तेलाचंही बघून देतो.’ नका करू.

पायाचे बोअर बहुतेक वेळा पाणी सोडत मारतात. ते पाणी नमुना धुऊन काढतं, वरचं तेल खाली ढकलतं, आणि रॉडच्या सांध्यांना चोपडलेलं ग्रीस पुढे अहवालात ‘हायड्रोकार्बन’ म्हणून उगवतं. तेलासाठी कोरडं ड्रिलिंग हवं. भराव आणि मुरूम असेपर्यंत ऑगरने (स्क्रूसारखं फिरत माती वर आणणारं ड्रिल) काम होतं. काळा पाषाण लागला की तेल दगडातून नाही, भेगांतून सरकतं. म्हणून एक भोक स्वच्छ निघालं तरी चार मीटरवरच्या भोकात तेल असू शकतं.

बोअर कुठे, हे नकाशावर चौकोन आखून ठरवू नका. टाकीपेक्षा गळती जास्त करून पाइपच्या सांध्यांत, पंपाखाली आणि टँकर रिकामा करताना तेल सांडतं त्या तोंडापाशी असते. टाकीच्या परवान्याचे कागद आणि जुने नकाशे मागवाच, पण तिथल्या जुन्या मेकॅनिकला चहा पाजा. शिवडीकडच्या एका प्लॉटवर आम्ही नकाशाप्रमाणे तीन भोकं मारली, सगळी स्वच्छ. रात्रपाळीच्या वॉचमनने सहज सांगितलं, ‘साहेब, टाकी भिंतीच्या त्या बाजूला होती, नंतर हलवली.’ चौथं भोक तिथे घेतलं आणि दीड मीटरवरच वास आला. (वास घेऊन तपासू नका, इंधनाच्या वाफेतलं बेंझीन कॅन्सरकारक आहे. त्यासाठी अशी वाफ मोजणारा पीआयडी मीटर असतो, फक्त डिझेल कमी उडतं म्हणून त्याचा आकडा छोटा दिसतो.) आणि टाकी अजून जमिनीत असेल तर ‘रिकामी आहे’ म्हणून निर्धास्त होऊ नका. भरलेल्या टाकीपेक्षा वाफ भरलेली रिकामी टाकी जास्त घातक.

आता पाणी. इथेच लोक फसतात. पेट्रोल-डिझेल पाण्यावर तरंगतं आणि भूजलाची पातळी वरखाली झाली की तेही तिच्याबरोबर मातीला माखत वरखाली जातं. आत्ता ऑगस्ट आहे, पातळी वर आहे, तेल मातीच्या पोकळ्यांत पाण्याखाली अडकलेलं असेल. निरीक्षण विहिरीत (भूजल बघायला बोअरमध्ये चिरा पाडलेला पाइप बसवतात, ती) तवंग दिसणार नाही आणि विकणारा खुशीत ‘क्लीन’ म्हणेल. तीच विहीर मे महिन्यात उघडा, दोन बोटं डिझेल तरंगताना दिसू शकतं. म्हणून निरीक्षण विहिरीच्या पाइपला चिरा अशा उंचीवर हव्यात की मे आणि ऑगस्ट या दोन्ही पातळ्या त्यात बसाव्यात. चिरा पूर्ण पाण्याखाली गेल्या तर तरंगणारं तेल आत येणारच नाही. विहिरी किमान तीन, आणि एका रेषेत नकोत, नाहीतर प्रवाहाची दिशा निघत नाही. मिठी नदी जवळ आहे म्हणून पाणी तिकडेच जातं असं गृहीत धरू नका, जुनी गटारं आणि केबलचे चर त्याला वाट देतात. खाडीलगतच्या प्लॉटवर तर भरती-ओहोटीची वेळसुद्धा लिहून ठेवावी लागते, तुमच्याकडे ती भानगड नाही.

लॅबला ‘ऑइल अँड ग्रीस’ एवढंच सांगू नका. ती चाचणी मिलिग्रॅमच्या हिशेबात चालते. पिण्याच्या पाण्यात बेंझीनची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा शंभरावा भाग. त्यामुळे बेंझीन, टोल्युईन, एथिलबेंझीन, झायलीन, नॅफ्थलीन आणि एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन अशी नावं लिहून मागा, आणि लॅब किती कमी मोजू शकते ते आधी विचारा. पाण्याचा नमुना ४० मिलीच्या काचेच्या कुपीत, बुडबुडा न ठेवता, बर्फात. मी एकाला पाण्याच्या रिकाम्या प्लॅस्टिक बाटलीत नमुना भरताना पकडलंय!

अजून एक मुंबईचा घोळ: भरावात राख, डांबराचे तुकडे, काहीही असतं. त्यातूनही हायड्रोकार्बन दिसतात. लॅबकडून क्रोमॅटोग्राम (नमुन्यातले घटक वेगळे करून दाखवणारा आलेख) मागा, डिझेलची आणि डांबराची आकृती अनुभवी माणसाला वेगळी दिसते.

खरेदीखत मे महिन्यापर्यंत थांबणार नसेल, तर आत्ताची फेरी करून घ्या आणि पुढच्या उन्हाळ्याच्या चाचणीपर्यंत काही रक्कम राखून ठेवण्याची अट वकिलाकडून करारात घालून घ्या. विकणारा या अटीला किती कुरकुरतो, तेही बघा.