रस्त्यावरून ट्रेडमिलवर येताना

रस्त्यावर नुकतंच धावायला लागलेल्या आणि आता ट्रेडमिलकडे वळलेल्या वाचकांचे प्रश्न या वेळी निवडले आहेत.

प्रश्न : तीन महिने रस्त्यावर धावते आहे. एका किलोमीटरला साडेसात मिनिटं लागतात. ट्रेडमिलवर तोच वेग, म्हणजे ताशी ८ किमी लावला, तर सातव्या मिनिटालाच धाप लागते. माझा दम कमी झाला का?

दम तेवढाच आहे. रस्त्यावर तुम्ही एका वेगाने धावतच नाही. वळण आलं, चढ लागला, कुणी आडवं आलं की पाय आपसूक मंदावतात आणि पुढे भरून काढतात. साडेसात मिनिटं ही त्या सगळ्याची सरासरी. पट्टा मात्र एका सेकंदाचीही सूट देत नाही. शिवाय बाहेर धावताना अंगावर येणारी हवा घाम वाळवते, ती इथे नसते. घाम नुसता ओघळतो, अंग तापतं, त्वचेकडे जास्त रक्त वळवावं लागतं आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढतात. म्हणून समोर पंखा हवाच. माझ्या मते ट्रेडमिलइतकाच तो गरजेचा आहे.

पहिले दोन आठवडे पाच मिनिटं चाला, मग ताशी ७ ने धावा. धावताना एक सबंध वाक्य न अडखळता बोलता आलं, तर वेग बरोबर. नाही आलं तर बिनदिक्कत कमी करा.

आणखी एक शक्यता तपासा : यंत्राचा आकडाच चुकीचा असेल. यंत्र बंद असताना पट्टा हाताने सरकवत त्याची पूर्ण लांबी मोजा आणि कडेला रंगीत चिकटपट्टीचा तुकडा लावा. मग तुम्ही धावा आणि दुसऱ्या कुणाला तरी बाजूला उभं राहून फेरे मोजू द्या. पायाखाली वजन असताना पट्ट्याचा वेग बदलू शकतो, म्हणून रिकामा पट्टा मोजून उपयोग नाही. पट्टा ३ मीटरचा असेल, तर २० फेरे म्हणजे ६० मीटर. ताशी ८ ला ते २७ सेकंदांत व्हायला हवेत. २५ सेकंदांतच झाले, तर पडद्यावर ८ दिसत असताना तुम्ही ८.६ ने धावताय. धाप लागणारच!

प्रश्न : उतरल्यावर जमीन पुढे सरकतेय असं वाटतं आणि तोल जातो. हे काळजीचं आहे का?

नवख्यांना हे सर्रास होतं. पाय धावत असतात, पण डोळ्यांसमोरची भिंत जागची हलत नाही. मेंदू या विसंगतीशी जुळवून घेतो, आणि पट्टा थांबला तरी तो काही क्षण त्याच हिशेबात असतो. शेवटची पाच मिनिटं वेग टप्प्याटप्प्याने चालण्यापर्यंत आणा, पट्टा पूर्ण थांबू द्या, दांडा धरून थोडं उभं राहा, मगच उतरा. धावताना नजर पायांकडे नको, समोर ठेवा. बहुतेकांना काही खेपांनंतर हा त्रास होत नाही. मात्र धावतानाच डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीत दुखलं किंवा भोवळ बराच वेळ टिकली, तर डॉक्टरांना दाखवा.

सुरुवातही जपून करा. दोन्ही पाय कडेच्या न हलणाऱ्या पट्ट्यांवर ठेवून यंत्र सुरू करा आणि पट्टा हळू फिरत असतानाच त्यावर या. दोरीची सुरक्षा क्लिप, म्हणजे तोल जाऊन दोरी ओढली गेली की यंत्र थांबवणारी, कपड्यांना लावा. दहापैकी नऊ जणांची ती लोंबकळतच असते आणि ते पाहून मला दर वेळी धस्स होतं.

प्रश्न : १ टक्का चढ ठेवल्याशिवाय ट्रेडमिलवरचं धावणं खरं नाही, असं मित्र सांगतो.

१९९६ मध्ये जोन्स आणि डाउस्ट या संशोधकांनी सरावलेल्या धावपटूंवर केलेल्या अभ्यासातून हा आकडा आला. बाहेर हवा कापत जाण्यासाठी जी जास्तीची शक्ती लागते, तिची भरपाई १ टक्का चढाने होते, असं त्यांना दिसलं. पण त्यात वेग होते ताशी साधारण साडेदहा ते १८ किमी. ७-८ च्या वेगाला हवेचा अडथळा नगण्य असतो. तुम्ही शून्यावरच धावा.

प्रश्न : वय ५८. पडायच्या भीतीने मी दोन्ही दांडे घट्ट धरूनच धावतो. चालेल का?

तुमची भीती रास्त आहे, पण उपाय वेगळा करू या. दांडे धरले की शरीराचा काही भार हातांवर जातो, पाठ वाकते, हातांची लय तुटते आणि खांदे आखडतात. पायांना आणि हृदयाला आकड्याएवढं काम पडतच नाही. हृदयाच्या टीएमटी तपासणीतही (ही ट्रेडमिलवर चालवूनच करतात) दांडा घट्ट आवळू नका असं सांगतात, ते याचसाठी : नाहीतर क्षमता आहे त्यापेक्षा जास्त दिसते.

हात सोडवत नाहीत, याचा अर्थ आजचा वेग तुमच्यासाठी जास्त आहे. ताशी ४ ने चाला. आधी एक हात सोडा, दुसऱ्याची फक्त बोटं टेकवा. मग दोन्ही सोडून एक मिनिट. हात मोकळे सोडून दहा मिनिटं निवांत चालता आलं की मगच धावणं. यात पंधरा दिवस गेले तरी जाऊ द्या.

प्रश्न : ट्रेडमिलवर गुडघे वाचतात ना?

पट्ट्याखालची फळी थोडी दबते, एवढा फायदा आहे. पण नवख्यांचे गुडघे बहुधा दुखतात ते एकदम वाढवलेल्या अंतरामुळे, आणि ते इथेही वाढवता येतं. शिवाय इथे प्रत्येक पाऊल सारखंच पडतं, म्हणून अधूनमधून वेग किंवा चढ किंचित बदला.

प्रश्न : महिन्याभराने पुन्हा रस्त्यावर ५ किमी धावायचं आहे. ट्रेडमिलची तयारी पुरेल?

दमासाठी पुरेल. पण पोटऱ्या आणि घोट्यांना खडबडीत जमीन, उतार आणि वळणं यांची सवय राहत नाही, आणि आपला वेग आपणच धरून ठेवायची सवयही मोडते. आठवड्यातून एकदा तरी बाहेर धावा. त्या दिवशी घड्याळ खिशात ठेवा, पट्ट्यावरच्यापेक्षा थोडं कमी अंतर घ्या आणि पहिला किलोमीटर बोलता येईल इतक्या संथपणे जा.