दुतोंड्याला विचारून ये

अगं पोरी,

काल रात्री अकराला तुझा फोन वाजला तेव्हा मला वाटलं गंगापूर धरणातून परत पाणी सोडलं की काय. रडत होतीस ते वेगळ्याच कारणाने. प्रशासनाच्या प्रेसनोटमधलं 'नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे, असे आवाहन करण्यात येत आहे' हे वाक्य तू बातमीत बदललंस, पेपरच्या डेस्कने होतं तसं परत घातलं, म्हणून नोकरी सोडू का. नको सोडू. पण बदललंस काय? 'आवाहन करण्यात येत आहे'चं 'आवाहन आहे' केलंस. बस्स? यातून भांडी बाजारातल्या दुकानदाराला काय कळलं गं?

त्याला एकच हवं असतं, पाणी कुठपर्यंत येणार. हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ हजार लिटर, दहा हजारी टँकर जवळपास तीन, दर सेकंदाला, एवढं लिहायला आपलं काय जातं? शिवाय धरणाचा विसर्ग वेगळा आणि होळकर पुलाखालचा वेगळा, मधे शहरातल्या नाल्यांचं पाणी मिळतं. नोटमध्ये हे दोन्ही आकडे एकाच वाक्यात असे कोंबतात की वाचणारा घाबरतही नाही आणि सावधही होत नाही. नाशिककर मग बघतो कुठे, तर गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे. गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, गळ्याशी आलं, आता सराफ बाजारात माल वर चढवा. त्या मारुतीने आजवर एकदाही आवाहन केलेलं नाही.

मी काही जन्मतः शहाणा नव्हतो. एका पावसाळ्यात नोट जशीच्या तशी लावली, चहाला जायची घाई होती. पाणी ओसरल्यावर ओळखीचा एक भांडीवाला पितळी पातेल्यातून चिखल काढत बसलेला दिसला. चिडला नाही, तेच लागलं. म्हणाला, 'साहेब, बातमी वाचली होती की, पण सखल भाग म्हणजे आमचाच, असं कुठे होतं त्यात?'

तेव्हापासून नोट आली की मी उलटा फोन करायचो. कुठली गल्ली, किती वाजता? 'वरती विचारून सांगतो.' विचारा, मी थांबतो. कुठली गल्ली, किती वाजता? या खोडीपायी मी संपादक झालो नाही असं बायको म्हणते, मी म्हणतो बरंच झालं, मीटिंगा वाचल्या. (वरच्यांशी माझं पटतही नव्हतं म्हणा, ते असो.)

आता २०२७चा सिंहस्थ तोंडावर आलाय, नोटांचा महापूर येईल बघ. 'पर्यायी मार्गाचा अवलंब करावा.' कुठला पर्यायी? पंचवटीतून सीबीएस बसस्थानकाला निघालेल्या माणसाने कुठे वळायचं? गल्ली सांग, वेळ सांग!

डेस्कशी भांडू नकोस. त्यांचं वाक्य राहू दे, कुणाला तरी ते छापून आलेलं बघायचं असतं. त्याच्यावर तुझी एक ओळ घाल, दुतोंड्याच्या कुठपर्यंत पाणी आहे आणि किती वाजता बघितलंस. आणि बघितलेलं असू दे, व्हॉट्सॲपवर आलेलं नको.

उद्या सुट्टी आहे ना तुझी? सकाळी सहाला रामकुंडाशी ये, मी येतोच. छत्री आण, माझी मोडलीय.