हार्डवेअरची माहिती दाखवणाऱ्या टूलमध्ये चांगला एक्स्पोर्ट हवा आहे. डेव्हलपरकडे नेमकं काय मागू?

म्हणजे परिस्थिती अशी दिसते: कॉलेजच्या लॅबमधल्या सगळ्या मशिनची यादी करायची आहे, तुम्ही सीपीयू-झेड हे विंडोजवरचं हार्डवेअरची माहिती दाखवणारं टूल वापरताय, रिपोर्ट टेक्स्ट किंवा एचटीएमएलमध्ये निघतो आणि तो एक्सेलमध्ये बसवताना जीव जातो. म्हणून डेव्हलपरला 'सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) आणि जेसन (नाव-मूल्य जोड्यांची, एकात एक बसणारी रचना) द्या' असं लिहायचं आहे.

लिहा की. पण एवढंच लिहिलंत, तर मिळणारी सीएसव्ही फाइल आत्ताच्या टेक्स्ट फाइलपेक्षा फार कामाची असेलच असं नाही. फॉरमॅट हा यातला सोपा भाग. खरं भांडायचं ते रकान्यांच्या नावांसाठी. आज जी गोष्ट ज्या नावाने आणि ज्या एककात येते, ती पुढच्या आवृत्तीतही तशीच आली पाहिजे. माणसाने वाचायच्या रिपोर्टमध्ये डेव्हलपर एखादं लेबल बदलतो, ओळ वरखाली करतो. त्याचा तो हक्कच आहे. तुमची स्क्रिप्ट मात्र त्या दिवसापासून मुकाट्याने रिकामे रकाने भरायला लागते आणि कळतं ते ऑडिटच्या वेळी. डिस्कची तब्येत तपासणारं स्मार्टसीटीएल घ्या. २०१८ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ७.० आवृत्तीपासून ते जेसन देतं, आणि त्या जेसनमध्ये स्वतःच्या रचनेचा आवृत्ती क्रमांक वेगळा लिहिलेला असतो. विनंतीत हे उदाहरण जरूर द्या, डेव्हलपरला दोन ओळींत मुद्दा कळतो.

दुसरी अडचण सीएसव्हीची स्वतःची आहे. मशिन एक, पण रॅमच्या पट्ट्या दोन, डिस्क तीन, नेटवर्क कार्ड दोन. हे एका ओळीत कसं मांडणार? 'डिस्क १', 'डिस्क २' असे रकाने वाढवत गेलं, तर चार डिस्कचं एक मशिन आलं की सगळं कोलमडतं. लिनक्सवरचं हार्डवेअरची यादी देणारं एलएसएचडब्ल्यू म्हणूनच झाडासारखी रचना देतं: मदरबोर्डखाली मेमरी, मेमरीखाली पट्ट्या. अशा माहितीला जेसन किंवा एक्सएमएल (तशीच एकात एक बसणारी दुसरी रचना) शोभतं. सीएसव्हीच हवी असेल तर 'दर सुट्या भागाला एक ओळ, आणि प्रत्येक ओळीत मशिनचं नाव' असं स्पष्ट मागा. एक्सेलमध्ये पिव्हट (गोषवाऱ्याचा तक्ता) लावायलाही तेच बरं.

आकडे कच्चे मागा. स्क्रीनवर '४६५.८ जी' दिसणं ठीक आहे, पण फाइलमध्ये बाइट हवेत. कारण डब्यावर ५०० जीबी लिहिलेली डिस्क १०२४ च्या हिशेबाने ४६५.८ होते, आणि खरेदीच्या बिलाशी ताळा घालताना कोणीतरी विचारतंच की उरलेली जागा गेली कुठे. लिनक्सवर डिस्कची यादी देणारं एलएसबीएलके हे टूल साधारणपणे अशी सोपी रूपं दाखवतं, पण एक पर्याय दिला की पूर्ण बाइट देतं. दोन्ही सोयी एकत्र नांदू शकतात. तारखाही वर्ष-महिना-दिवस अशाच क्रमाने मागा. एका मशिनवर भारतीय सेटिंग आणि दुसऱ्यावर अमेरिकन असलं की ०४/०५ म्हणजे एप्रिल की मे हे देवालाच ठाऊक.

आणि 'माहिती मिळाली नाही' हे शून्यापेक्षा वेगळं दिसलं पाहिजे. तापमानाचा सेन्सरच नसेल तिथे ० छापणारं टूल सरासरीचा पार बट्ट्याबोळ करतं.

एक गोष्ट मात्र कोणताही एक्स्पोर्ट सुधारणार नाही. लॅबमधली मशिन मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग जुळवून आणलेली असतील, तर सीरियल नंबरच्या जागी बऱ्याचदा 'टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.' असं वाक्य मिळतं. बोर्ड बनवणाऱ्याने रिकामी सोडलेली जागा जुळवणाऱ्याने कधी भरलीच नाही. टूल बिचारं बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्राममध्ये, आहे तेच वाचतं. बायोसमधले माहितीचे तक्ते वाचणाऱ्या डीएमआयडीकोड या टूलच्या माहितीपानावर तर स्पष्टच म्हटलंय की या तक्त्यांतली माहिती पुष्कळदा अपुरी किंवा चक्क चुकीची असते. यूयूआयडीवरही, म्हणजे प्रत्येक मशिनला वेगळा असायला हवा त्या ओळख क्रमांकावरही, डोळे झाकून भरवसा नको, काही बोर्डांवर तो सगळीकडे सारखाच निघतो. अशा मशिनची ओळख डिस्कच्या सीरियल नंबरवर आणि नेटवर्क कार्डच्या मॅक पत्त्यावर (कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकावर) ठेवा, वर स्वतःचा स्टिकर चिकटवा.

याच्या उलट बाजूची मागणीही करा: ओळख पटवणारी माहिती गाळून रिपोर्ट काढायची सोय. एलएसएचडब्ल्यूत 'सॅनिटाइझ' हा पर्याय आहे, इन्क्सी या लिनक्सवरच्या दुसऱ्या टूलमध्ये फिल्टर आहे. मदत मागताना लोक अख्खा रिपोर्ट चारचौघांत टाकतात आणि त्यात सीरियल नंबर, मॅक पत्ता सगळं उघडं पडलेलं असतं.

डेव्हलपरचं उत्तर येईपर्यंत थांबायची गरज नाही. सीपीयू-झेड खिडकी न उघडता कमांडवरूनही रिपोर्ट काढतं. फाइलला संगणकाचंच नाव देणारी बॅच फाइल केली की निदान खुर्ची ते खुर्ची क्लिक करत फिरणं वाचतं. साध्या यादीसाठी तर विंडोजमधलं कमांड लिहायचं पॉवरशेल पुरे. गेट-सिमइन्स्टन्स या कमांडने बायोस, रॅम, डिस्कची माहिती घ्या आणि एक्स्पोर्ट-सीएसव्ही या कमांडकडे सोपवा. त्यात एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ सांगायला विसरू नका. विंडोजबरोबर येणारं पॉवरशेल ५.१ न सांगता आस्की, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरांची पद्धत, धरतं, आणि देवनागरीत लिहिलेल्या विभागाच्या नावाची नुसती प्रश्नचिन्हं होतात. ग्राफिक्स कार्डची मेमरीही या वाटेने घेऊ नका: ते मूल्य ३२ बिटांत साठवलेलं आहे, त्यामुळे ४ जीबीच्या पुढचं कार्ड खरं सांगत नाही. तिथे जीपीयू-झेडसारखं वेगळं टूलच लागतं, आणि ते एक्सएमएल देतं.

एक्सेलमध्ये फाइल डबल-क्लिक करून उघडू नका, 'डेटा' टॅबमधून आत घ्या आणि सीरियल नंबरचा रकाना टेक्स्ट ठेवा. नाहीतर ७ई१२ सारख्या नंबरला एक्सेल (सातापुढे बारा शून्यं असं धरून) सात लाख कोटी समजून बसतं, आणि सुरुवातीची शून्यं गायब होतात ती वेगळीच.

आता प्रत्यक्ष विनंती. ती छोटी ठेवा, पण सोबत दोन फायली जोडा: एक टूलने आज दिलेला रिपोर्ट (नंबर गाळून), दुसरी त्याच मशिनची तुम्ही हाताने लिहिलेली, तुम्हाला हवी तशी फाइल. रकान्यांची नावं काय, एकक कुठलं, रिकामं कसं दाखवायचं हे सगळं त्या दुसऱ्या फाइलमध्ये आपोआप येतं, आणि पानभर समजावणं वाचतं. टूल मुक्त स्रोताचं असेल तर आधी जुन्या मागण्या चाळा. बहुधा कोणीतरी हेच मागून ठेवलेलं असतं, तिथेच आपल्या फायली जोडाव्यात. अशी टूल कित्येकदा एकदोन माणसंच सांभाळतात आणि त्यांच्याकडे जगभरचे बोर्ड नसतात. तुमच्याकडे वेगवेगळ्या वर्षांची, वेगवेगळ्या बोर्डांची अख्खी लॅब आहे. नवी आवृत्ती त्यांवर चालवून निकाल कळवायची तयारी असेल, तर ते आभाराच्या ओळीत शेवटी लिहू नका, पहिल्याच वाक्यात लिहा.