सुई उडते, वजन वाढवू का?

प्रश्न: हाय-फायसाठी घेतलेलं, लंबगोल टोकाच्या सुईचं कार्ट्रिज (सुई धरणारा, तिच्या हालचालीचा विद्युत संकेत बनवणारा रेकॉर्ड प्लेयरचा भाग) मी डीजेगिरीला वापरतो. कंपनीने सुईचं रेकॉर्डवरचं वजन २ ग्रॅम सांगितलंय. स्क्रॅच करताना (रेकॉर्ड हाताने मागे-पुढे ओढताना) सुई उडायची म्हणून ४ ग्रॅम केलं. तरी उडतेच, वर आवाजही दबका झालाय. कार्ट्रिज बदलू की नुसती सुई?

उत्तर: आधी वजन उतरवा. दुप्पट भाराने सुईची दांडी वर दाबली जाते, तिच्या मागच्या टोकाचा चुंबक मधली जागा सोडतो आणि आवाज बिघडतो. जास्त दिवस असंच चाललं तर आतलं रबर कायमचं बसतं.

मूळ दुखणं वेगळंच आहे. हाय-फायच्या सुईचं रबर मऊ असतं. रेकॉर्ड मागे ओढली की दांडी डगमगते. डीजेसाठीच्या सुईचं रबर कडक आणि दांडी जाड असते, ती ३-४ ग्रॅम भार सहज पेलते. टोक गोल घ्या. लंबगोल टोक बारीक स्वर छान टिपतं, पण मागे-पुढे ओढताना खाच लवकर झिजवतं. फक्त मिक्सिंग (एका गाण्यात दुसरं मिसळणं) करणार असाल तर डीजेसाठी बनवलेलं लंबगोलही चालेल. ऑर्टोफॉनचं काँकॉर्ड क्लब तसंच आहे. तुमच्या कार्ट्रिजला डीजेची सुई बसते का, हे कंपनीच्या यादीत पाहा. बसली तर सुईवर भागेल, नाहीतर कार्ट्रिजच बदलावं लागेल.

शुअर एम४४-७ या कार्ट्रिजच्या मोहात पडणाऱ्यांसाठी: शुअरने २०१८ मध्ये कार्ट्रिज बनवणं थांबवलं. जुनं मिळालंच तर जिको या जपानी कंपनीची सुई त्याला बसते. मात्र त्याचा आउटपुट ९.५ मिलिव्होल्ट, म्हणजे बऱ्याच हाय-फाय कार्ट्रिजच्या दुप्पट. एका डेकवर (रेकॉर्ड प्लेयरवर) ते आणि दुसऱ्यावर भलतंच लावलंत तर प्रत्येक मिक्समध्ये गेनशी (मिक्सरवरच्या आवाजाच्या पातळीशी) झटापट ठरलेली. दोन्ही डेकवर एकच मॉडेल हवं.

वजन लावताना अँटी-स्केटिंग (टोनआर्मची आत सरकायची ओढ रोखणारी सोय) शून्यावर ठेवा, टोनआर्म म्हणजे कार्ट्रिजचा दांडा आडवा तरंगेपर्यंत त्याच्या मागचं काउंटरवेट फिरवा. मग वेट न हलवता फक्त आकड्यांची रिंग ० वर आणा आणि दोन्ही एकत्र फिरवून डीजेच्या सुईसाठी ३ वर न्या. रिंग ० वर आणताना वेटही फिरलं की आकडा खोटा. स्क्रॅचसाठी अँटी-स्केटिंग शून्यावरच राहू द्या.

प्रश्न: कार्ट्रिज नव्या हेडशेलमध्ये (टोनआर्मच्या टोकाला लागणाऱ्या खोबणीत) बसवल्यापासून डावा स्पीकर गप्प आहे.

उत्तर: पांढरी आणि निळी वायर तपासा, डावी बाजू त्यांचीच. लाल-हिरवी उजवीकडची. वायरी ठीक असतील तर हेडशेलच्या मागच्या चार पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तरीही गप्प? कार्ट्रिजवर दोन्ही जोड्यांची अदलाबदल करा. शांतता उजवीकडे सरकली तर कार्ट्रिज गेलं. डावीकडेच राहिली तर दोष वायरीत किंवा त्यापुढे. कार्ट्रिजच्या पिनांना सोल्डरिंग आयर्न मात्र लावू नका, आतली कॉइल जळते.