मुलीला शिडाच्या जहाजावर पाठवायचं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी बारावीला आहे, एनडीएतून नेव्हीत जायचं म्हणते, आणि जर्मन नेव्हीच्या 'गॉर्ख फॉक' ह्या शिडाच्या ट्रेनिंग जहाजाबद्दल वाचल्यापासून तुमची झोप उडालीय. "शिस्तीच्या नावाखाली पोरी मरतात का हो तिकडे?" असं विचारलंय. आधी ते प्रकरण पूर्ण सांगतो, भीती वाटेलच, पण निदान योग्य गोष्टीची वाटेल.

सप्टेंबर 2008 मध्ये त्या जहाजावरची 18 वर्षांची कॅडेट रात्री वॉचवर (पहाऱ्यावर) असताना नॉर्थ सीमध्ये पडली, अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं, बॉडी 11 दिवसांनी मिळाली. मग नोव्हेंबर 2010 ला ब्राझीलच्या साल्वादोर बंदरात 25 वर्षांची दुसरी कॅडेट डोलकाठीवरून सुमारे 27 मीटर खाली थेट डेकवर कोसळली. ह्यानंतर काहींनी वर चढायला नकार दिला, तर त्यांच्यावर बंडाचा ठपका आला! मला विचाराल तर खरी गडबड इथेच आहे. मैत्रीण डोळ्यांदेखत गेल्यावर "आज नाही जमणार" म्हणणं हे बंड कसं? जानेवारी 2011 ला कॅप्टनला बाजूला केलं, पुढे नेव्हीच्या चौकशीत त्याच्यावरचे बहुतेक आरोप टिकले नाहीत हेही खरं. नंतर जर्मनीतल्या फ्लेन्सबुर्गच्या नेव्ही अकॅडमीत जमिनीवरच सरावाची डोलकाठी उभारली, म्हणजे आधी तिथे शिका मग समुद्रावर. हे आधीच सुचायला हवं होतं.

आता आपल्याकडचं. मुलींना एनडीएचं दार 2021 च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने उघडलं. नेव्हीची 'तरंगिणी' आणि 'सुदर्शिनी' ही शिडाची ट्रेनिंग जहाजं, दोन्ही गोवा शिपयार्डमध्ये बांधलेली, मुक्काम कोचीला. म्हणजे शिडं, दोरखंड, उंची हे तिच्याही वाट्याला येऊ शकतं.

म्हणून तिला आत्ताच पोहायला घाला, एखाद्या क्लबबरोबर रॉक क्लायम्बिंगला पाठवा, आणि हार्नेस, म्हणजे अंगावरचा सुरक्षेचा पट्टा, न सांगता स्वतः दोनदा तपासते का ते बघा, मार्कांपेक्षा मला ते महत्त्वाचं वाटतं. नेव्हीसाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स लागतं हे तिला माहीत असेलच. ट्रेनिंग मध्येच सोडलं तर खर्च भरून द्यावा लागू शकतो, ते कागद सही करण्याआधी तुम्ही आणि तिचे बाबा नीट वाचा. आणि पुढचं पत्र तिलाच लिहू द्या, तिला उंचीची भीती वाटते का हे तुमच्या पत्रात कुठेच नाहीये.