बाकल्याचं घरचं बियाणं धरायचंय? आधी खाणारा ठरवा, मग फूल बघा

इंग्लंडात अलॉटमेंटवर (भाड्याने घेतलेल्या भाजीच्या तुकड्यावर) बाकल्याची, म्हणजे ब्रॉड बीनची, तीन वाणं शेजारी-शेजारी लावलीत, पीक घरी खायला, कोंबड्यांना आणि दोन शेळ्यांना हवंय, आणि चांगल्या झाडांचं बी धरून स्वतःचं वाण करायचंय, असा तुमचा प्रश्न. जरूर करा. पण नुसती भरघोस झाडं निवडून भागणार नाही.

बाकला स्वतःचं परागीभवन करतो आणि भुंग्यांकडूनही करून घेतो. परपरागाचं प्रमाण जागेनुसार खूप बदलतं, पण साधारण एकतृतीयांश धरून चाला. म्हणजे तुमची तिन्ही वाणं यंदाच मिसळणार. शुद्ध वाण हवं तर अर्धा-एक किलोमीटर अंतर किंवा बारीक जाळी. जाळीत मात्र बऱ्याच वाणांना शेंगा कमी धरतात, कारण भुंगा बसून फूल उघडल्याशिवाय पराग नीट पडत नाही. फुलाचा तळ एकदा निरखून बघा. तिथे बारीक भोक असेल तर आखूड जिभेच्या भुंग्याने बाहेरूनच मध चोरलाय. परागाचं काम लांब जिभेचे भुंगे करतात. आणि एकाच देखण्या झाडाचं बी धरू नका. पिढ्यान्‌पिढ्या स्वपराग झाला की बाकल्याचा जोम घटतो. निदान काही डझन झाडांचं बी एकत्र ठेवा.

आता फुलाचा रंग. नेहमीच्या बाकल्याच्या पांढऱ्या पाकळीवर काळा ठिपका असतो, तुमच्या ॲक्वाडल्स या वाणालाही आहे. ठिपक्याशिवाय निखळ पांढरं फूल म्हणजे बियांच्या सालीत टॅनिन (तुरट द्रव्य) जवळजवळ नाही. कोंबड्यांना हेच हवं, कारण टॅनिनमुळे प्रथिनं नीट पचत नाहीत. शेळ्या रवंथ करणाऱ्या, त्यांना टॅनिनचा फारसा त्रास नाही. त्यांना कोरडा, जाडसर भरडा चालतो. कॅनडात पिकणारं स्नोबर्ड हे पांढऱ्या फुलाचं वाण. हा गुण अप्रभावी आहे, म्हणजे दोन्ही पालकांकडून आला तरच दिसतो, त्यामुळे संकर झालेलं बी पुढच्या वर्षी लावलं की ठिपक्याची फुलं येतात. फुलं उमलायला लागली की रोज चक्कर मारा आणि ठिपका दिसला की झाड लगेच उपटा. एक मेख आहे: पांढऱ्या फुलाची दोन वेगळी जनुकं आहेत. दोन वेगळ्या जनुकांची पांढरी वाणं एकमेकांत मिसळली तर संकरातून पुन्हा रंगीत फुलंच येतात. तेव्हा पांढरं एकच वाण ठेवा. टॅनिन नसलेलं बी थंड, ओल्या जमिनीत लवकर कुजतं, म्हणून ते शरदात न पेरता वसंतात पेरा.

डोळ्याला न दिसणारी गोष्ट अधिक महत्त्वाची. बाकल्यात व्हायसिन आणि कन्व्हायसिन ही द्रव्यं असतात. जी-६-पीडी एन्झाइमची कमतरता असलेल्या माणसाच्या तांबड्या पेशी त्यामुळे फुटू शकतात. लहान मुलांत, विशेषतः मुलग्यांत, हे गंभीर होतं. ही कमतरता आपल्या भारतीयांतही आढळते. शिजवून धोका जाईल यावर विसंबू नका, घरात शंका असेल तर आधी रक्त तपासून घ्या. हीच द्रव्यं अंड्याचं वजनही घटवतात. कमी व्हायसिनचा गुण १९८९ मध्ये फ्रेंच संशोधकांनी नोंदवला, त्यामागचं जनुक २०२१ मध्ये सापडलं. ब्रिटनमधलं टिफनी हे त्या गुणाचं वसंती वाण आहे. पण बीमध्ये किती व्हायसिन आहे हे मातृझाडावर ठरतं, म्हणजे परक्या परागाने झालेलं बी यंदा सुरक्षित दिसेल आणि त्याच्या झाडाला पुढल्या वर्षी भरपूर व्हायसिनचं पीक येईल. म्हणून असं वाण मिसळीत टाकू नका, बी दरवर्षी विकतच घ्या. माझं मत विचाराल तर घरच्या जेवणाचा आणि कोंबड्या-शेळ्यांच्या दाण्याचा बाकला वेगळा ठेवावा.

कोंबड्यांना निव्वळ बाकला देऊ नका. प्रथिनांच्या घटकांपैकी लायसिन भरपूर असलं तरी मेथिओनिन कमी पडतं, म्हणून भरडा धान्यात थोडाच मिसळा. घरात जून दाणे रात्रभर भिजवून वालासारखे सोलले की उसळ छान होते. मावा ही कीड यायला लागली की कोवळा शेंडा खुडा. मावा नसलेले शेंडे भाजीत जातात.

बी पूर्ण वाळल्यावर गोल भोकं दिसली तर घाबरू नका. ती भोकं पाडणारा भुंगेरा (किडा) शेतातच हिरव्या शेंगेवर अंडी घालतो, आणि चवळी-मुगातल्या किड्यासारखा डब्यात वाढत नाही. नीट वाळवून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवलं की आतल्या अळ्या मरतात. भोकाचे दाणे शेळ्यांना, अखंड दाणे बियाण्याला.